साठपर्यंत

ज्या बुधवारी अभिनंदन मगदूमांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्याच सकाळी त्यांचं नाव यकृताच्या यादीतून नाहीसं झालं.

आदल्या दिवशी ते तिसरे होते. त्यांची बायको त्रिशला गेले तीन महिने रोज सकाळी चहाचं आधण ठेवायची आणि फोनवर यादी उघडायची. सतरा, अकरा, नऊ, पाच, तीन. आकडा उतरला की तिचा दिवस बरा जायचा. त्या सकाळी 'आपला क्रमांक' या शब्दांखालची चौकट कोरी होती. नेटवर्क गेलं असेल म्हणून तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला. चौकट कोरीच. तेवढ्यात चहा उतू गेला.

"काय झालं गं?" आतून अभिनंदननी विचारलं.

"काही नाही. तुमचा वाढदिवसाचा शिरा करतेय. बिनतुपाचा."

"बिनतुपाचा असेल तर त्याला सांजाच म्हण की. उगीच शिऱ्याची बदनामी."

अभिनंदन मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं शरीर त्यांच्याच यकृतावर उलटलं. औषधांवर वर्षभर तग धरला, मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दुसऱ्याचं यकृत बसवल्याशिवाय मार्ग नाही. त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हापासून त्रिशलाही पुण्याचं काम घरूनच करत होती.

अकरा वाजता ती रुग्णालयात डॉक्टर मैथिली आवटींसमोर बसली होती. आवटी वयाने तिच्या मुलीएवढ्या, प्रत्यारोपण विभाग त्याच बघायच्या. त्यांनी दोनदा नोंदणी क्रमांक घातला, तिसऱ्यांदा स्पेलिंग तपासलं.

"मॅडम, यंत्र म्हणतंय की सर यादीत बसत नाहीत."

"कुठल्या यादीत?"

"कुठल्याच."

आवटींनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दोन वेगवेगळ्या कागदांवरच्या दोन ओळी होत्या. पहिली आवटींनी स्वतः लिहिलेली: 'मुख्य यादी: रुग्णाचं वय अठरापासून साठपर्यंत.' दुसरी राज्याच्या प्रत्यारोपण समितीने दोन वर्षांनंतर लिहिलेली: 'ज्येष्ठांची यादी: रुग्णाचं वय साठच्या पुढे.'

"यंत्र वय पूर्ण वर्षांत धरतं. सर आज साठ," आवटी म्हणाल्या. "पण साठपर्यंत म्हणजे साठ धरून. हे मी लिहिलंय, मला माहितीय. दुसरा काय अर्थ असणार?"

 दुसरा अर्थ काय ते त्रिशलाला ठाऊक होतं, कारण तो तिनेच ठरवला होता.

*

सोळा वर्षांपूर्वी राज्याने ठरवलं होतं, की जिथे एखाद्याच्या मर्जीवर दुसऱ्याचा जीव लटकतो, तिथे निर्णय मर्जीवर सोडायचा नाही. खाट कुणाला, रक्ताची पिशवी कुणाला, धरणाचा दरवाजा केव्हा उघडायचा, याचा नियम आधी लिहायचा, सगळ्यांना वाचायला ठेवायचा आणि त्यावर मोहोर लावायची. मोहोर लागली की मंत्र्याचा फोन आला तरी यंत्र नियमच पाळणार. नियम लिहिणार डॉक्टर, इंजिनियर, तहसीलदार. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मराठीतच एक संगणकभाषा घडवायची. त्या भाषेचं नाव ठेवलं 'नेमकी'. पुण्यात सहा जणांची समिती बसली. तिच्यात त्रिशला होती.

दोन संख्यांची तुलना कशी लिहायची, हा पहिलाच प्रश्न निघाला. इतर संगणकभाषांत त्यासाठी कोनासारखं चिन्ह असतं. ते डावीकडे उघडलं की एक अर्थ, उजवीकडे उघडलं की दुसरा, खाली आडवी रेघ आली की तिसरा. चाचणीच्या काळात एका रक्तपेढीत हा कोन उलटा पडला आणि ताज्या पिशव्या फेकून शिळ्या ठेवल्या गेल्या. तेव्हा चिन्हं नकोत, शब्द घ्यायचे ठरलं.

'पेक्षा' अर्ध्या तासात पास झाला. मराठीची गंमत अशी, की ज्याच्या शेपटीला 'पेक्षा' लागतं त्याच्याशी तुलना होते, मग शब्द कुठेही ठेवा. 'ताप शंभरपेक्षा जास्त' म्हणा नाहीतर 'शंभरपेक्षा ताप जास्त' म्हणा, यंत्राला एकच कळतं. सगळे खूश झाले. मग 'पर्यंत' आला आणि तीन दिवस गेले.

"सोमवारपर्यंत सुट्टी म्हटल्यावर सोमवारी कोण शाळेत जातं, ताई?" आसिफ शिकलगारांनी विचारलं होतं. समितीतले ते सगळ्यांत अनुभवी. पंधरा वर्षं त्यांनी बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करण्यात घालवली होती.

"आणि पाच वर्षांपर्यंत अर्धं तिकीट म्हटल्यावर, आसिफभाई? पाचवा वाढदिवस झाला की कंडक्टर पूर्ण तिकीट मागतो."

"म्हणजे माणसं दोन्ही अर्थांनी बोलतात."

"म्हणून तर आपण एक ठरवायचा."

"नाहीतर तो शब्दच घेऊ नका. 'साठ धरून' लिहा नाहीतर 'साठ सोडून' लिहा. तिसरं काही चालणार नाही म्हणून सांगा."

"लोक कंटाळतील. प्रत्येक ओळ लांबलचक होईल."

मग त्रिशला फळ्यापाशी गेली होती. तिने शून्यापासून तीसपर्यंत एक रेघ ओढली आणि तिचे तीन तुकडे केले. शून्यापासून दहापर्यंत, दहापासून वीसपर्यंत, वीसपासून तीसपर्यंत. "'पासून' आपली कड घेईल, 'पर्यंत' कड सोडेल," ती म्हणाली. "दहा हा आकडा दुसऱ्या तुकड्यात येईल, पहिल्यात नाही. एकही आकडा दोनदा येणार नाही, एकही सुटणार नाही." जगभरच्या चांगल्या संगणकभाषा तुकडे असेच पाडतात. मांडणी इतकी सुबक होती की पाच हात वर गेले. आसिफभाईंनी हात वर केला नाही, पण वादही वाढवला नाही.

चूक होऊ नये म्हणून एक सोयही ठेवली होती. मोहोर लावण्याआधी यंत्र नियम मोठ्याने वाचून दाखवायचं आणि लिहिणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. आवटींना यंत्राने वाचून दाखवलं होतं, 'साठपर्यंत.' आवटी म्हणाल्या होत्या, 'बरोबर.' राज्याच्या समितीला वाचून दाखवलं, 'साठच्या पुढे.' समितीही म्हणाली, 'बरोबर.' दोन्ही कागद वेगळे, दोन्हींवर मोहोर वेगळी. त्या दोहोंच्या मधे पूर्ण एक वर्ष रुंदीची फट राहिली, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

*

आवटींनी त्याच दिवशी दुरुस्तीची नोटीस लावली. कायद्याप्रमाणे मोहोर लागलेला नियम बदलायचा तर एकवीस दिवस जाहीर हरकती मागवाव्या लागत. पूर्वी एकेका वजनदार रुग्णासाठी रातोरात नियम फिरायचे, ते बंद व्हावं म्हणून हे एकवीस दिवस ठेवले होते. त्रिशलाने वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्टाची पहिली तारीखच महिन्यानंतरची मिळेल.

घरी येऊन तिने अभिनंदनना सगळं सांगितलं. ते खिडकीशी उशीला टेकून बसले होते.

"म्हणजे मी इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही," ते म्हणाले. "एकसष्टावं संपलं की मग घेणार."

"एकवीस दिवसांत होईल. दुरुस्ती साधी आहे. हरकत कुणाची येणार नाही."

"आणि हा 'पर्यंत'चा अर्थ ठरवला कुणी?"

ती त्यांच्या पायांवरची चादर सारखी करू लागली.

"तूच ना?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. "त्या दिवशी घरी आलीस तेव्हा मला वहीत रेघ काढून दाखवली होतीस. तीन तुकडे. मला पटलं होतं."

"अहो..."

"आत्ताही पटतंय. मला तुझ्यावर रागावताच येईना बघ."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी आवटींचा फोन आला. शेजारच्या जिल्ह्यातून यकृत आलं होतं. शरीराबाहेर काढलेलं यकृत आता उबदार पंपावर तासन्‌तास जिवंत ठेवता येई, त्यामुळे ते दोन-तीन जिल्ह्यांतून फिरून येऊ शकत असे. रक्तगट जुळत होता. पहिल्या दोघांचा गट वेगळा होता.

"मॅडम, सर यादीत असते तर..." आवटी म्हणाल्या. "मला वाटलं मीच सांगावं. बाहेरून कळू नये."

"कुणाला दिलं?"

"ते सांगता येत नाही मला."

"बाई आहे की माणूस, एवढं तरी?"

"बाई आहे. चव्वेचाळीस वर्षांची."

त्रिशलाने फोन ठेवला. त्या बाईवर राग काढावा असं तिच्या मनात आलं, पण राग येईना.

*

आठव्या दिवशी ती पुण्याला गेली. नेमकी भाषेचा गाभा बदलायला हरकतींची मुदत लागत नसे, पण त्याच्या किल्ल्या तीन जणांकडे होत्या आणि त्यांतल्या दोन एकदम लागत. एक किल्ली तिच्याकडे, एक आसिफ शिकलगारांकडे. तिसरे सदस्य निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, त्यांची जागा सरकारने अजून भरली नव्हती.

आसिफभाईंचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी पाणी दिलं, अभिनंदनची चौकशी केली. 'मी तेव्हाच म्हणत होतो' हे शब्द ते कधीतरी बोलतील म्हणून ती वाट बघत होती. ते बोलले नाहीत.

"आज 'पर्यंत'चा अर्थ फिरवला तर काय होईल ते मी काल काढून ठेवलंय," ते म्हणाले आणि त्यांनी यादी पुढे सरकवली. "अडतीस हजार नियमांत हा शब्द आहे. त्यातले एकोणीसशे नियम दोन-दोन उत्तरं देतील."

तिने वाचायला सुरुवात केली. 'पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धी मात्रा. पाचपासून पुढे पूर्ण मात्रा.' अर्थ फिरला की पाच वर्षांच्या मुलाला अर्धी आणि पूर्ण, दोन्ही मात्रा जातील. तशा नियमांची पानंच्या पानं होती. ज्यांनी तिचं म्हणणं मन लावून समजून घेतलं होतं, त्यांनीच ते लिहिले होते. तिने यादी मिटली.

"सगळीकडे नको," ती म्हणाली. "फक्त या एका नियमापुरतं करता येईल. हा नियम क्रमांक आला तर कड धरायची. एक ओळ लागेल."

"येईल करता."

"आवटींच्या मनात तेच होतं, आसिफभाई. मी खोटं काही करत नाहीये."

"मी कुठे म्हणतो खोटं?"

"पण नवऱ्यासाठी करतेय."

आसिफभाईंनी चष्मा काढून पुसला. "त्रिशलाताई, मी नाही म्हणणार नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मला माहीत नाही, पण तुम्ही बसून वाट बघा असं तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. तुम्ही लावा किल्ली, मी लावतो."

तिने ती ओळ लिहिली. दोनदा खोडून पुन्हा लिहावी लागली. मग आसिफभाईंनी अंगठा ठेवला, तिने अंगठा ठेवला. पडद्यावर अक्षरं उमटली.

'या बदलामुळे आपले पती यादीत येतात. आपली किल्ली या बदलापुरती बंद आहे.'

हा नियमही तिचाच होता. किल्ली असणाऱ्याने आपल्या माणसासाठी ती फिरवू नये, म्हणून पहिल्याच वर्षी तिने तो लिहिला होता, आणि नात्याची नोंद तर रुग्णालयाच्या कागदावर पहिल्याच ओळीत होती. त्या नियमात 'पर्यंत' कुठे नव्हता. तो अगदी स्वच्छ होता.

 आसिफभाईंनी सरकारात फोन लावला, तिसरी जागा लगेच भरता येईल का विचारलं. पलीकडून सांगितलं, फाइल फिरतेय.

पडद्यावरची ती ओळ वाचताना त्रिशलाला क्षणभर हायसं वाटलं होतं. आता तिच्या हातात काही नव्हतं, म्हणून. आपल्याला हायसं वाटलं याची लाज मात्र तिच्या मनातून पुढे कधीच गेली नाही, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

*

दुरुस्तीवर एकही हरकत आली नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी चौकटीत आकडा आला: एक.

तो आकडा तिने रुग्णालयाच्या व्हरांड्यात बघितला. चार दिवसांपूर्वी अभिनंदनच्या पोटात साचलेल्या पाण्यात जंतू झाले होते. ताप उतरत नव्हता, लघवी कमी होत चालली होती. ते कधी शुद्धीत असायचे, कधी दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाशी बोलायचे.

चोविसाव्या दिवशी दुपारी यकृत आलं. गट जुळत होता, मापही जुळत होतं. आवटी खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर ऑपरेशनचे कपडे नव्हते. त्यावरून त्रिशलाला कळलं.

"आज टेबलवर घेतलं तर ते तिथेच जातील," आवटी म्हणाल्या. "अंगात एवढा संसर्ग असताना नवं यकृत टिकत नाही. तीन आठवड्यांपूर्वी घेतलं असतं मी. डोळे मिटून घेतलं असतं."

"दोन दिवस थांबवता येणार नाही?"

"यकृत पंपावर उद्या सकाळच्या पुढे राहणार नाही. आणि यंत्र विचारतंय. आपण घेत नसलो तर पुढच्याला बोलवायचंय."

अभिनंदन जागे होते. त्यांनी हात थोडासा उचलला.

"आलंय का?" त्यांनी विचारलं.

"आलंय," त्रिशला म्हणाली. "पण तुम्हाला ताप आहे ना."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. ती वाक्य पुरं करील म्हणून ते थांबले होते की त्यांना कळलं होतं, हे तिला समजेना.

"मग अडवून नका ठेवू," ते म्हणाले. "कुणीतरी बिचारा फोन हातात धरून बसला असेल."

नकारावर नातेवाइकाची सही लागत होती. ती तिने केली. आवटींनी टॅब घेतला आणि पाठ फिरवून त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळाने खाली रुग्णवाहिका सुरू झाल्याचा आवाज आला.

अभिनंदन रविवारी दुपारी गेले. मुलगी बेंगळुरूहून पोचली होती. त्रिशला पायांशी बसून होती.

*

दोन महिन्यांनी नेमकीच्या समितीची बैठक झाली. 'पर्यंत', 'पुढे', 'आत', 'वर' हे चार शब्द नेमकीतून काढून टाकावेत, त्यांच्या जागी प्रत्येक वेळी 'धरून' किंवा 'सोडून' लिहायला लावावं, असा ठराव आसिफ शिकलगारांनी मांडला. एक नवा सदस्य म्हणाला, ओळी फार लांब होतील.

"होऊ देत लांब," त्रिशला म्हणाली.  सगळे हात वर गेले.

पण जुन्या नियमांचं काय? ते आपोआप बदलता येत नव्हते, कारण कुणाच्या मनात कुठला अर्थ होता हे शब्दावरून कळत नव्हतं. एकेका लिहिणाऱ्याला फोन करून विचारणं एवढाच उपाय होता. अडतीस हजार नियम. वीस माणसं नेमली. त्रिशलाने स्वतःहून एक गठ्ठा मागून घेतला. घरी बसून दुसरं करण्यासारखं तिला काही नव्हतं.

बहुतेकांना आठवायचं. काही जण चिडायचे. काही म्हणायचे, बाई, साधी गोष्ट आहे, यात विचारायचं काय? आणि मग दोघं दोन उलट अर्थ तितक्याच खात्रीने सांगायचे.

एका मंगळवारी तिने एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याचा नंबर लावला. नियम टाकीतल्या औषधाचा होता: 'प्रमाण दोनपर्यंत असल्यास पाणी सोडावं.' फोन एका बाईंनी उचलला.

"माने साहेब आहेत का?"

"ते गेले हो. मागच्या दिवाळीत. तुम्ही कोण?"

त्रिशलाने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, नियम वाचून दाखवला. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटत होतं, तरी तिने विचारलं, "दोन धरून म्हणायचं होतं का त्यांना, की दोन सोडून? कधी घरी बोलले होते का?"

"घरात ते टाकीचं काही काढायचे नाहीत," बाई म्हणाल्या.  त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली, त्रिशलाने वाचली. बाईंनी ती स्वतःशी पुटपुटून बघितली, जणू नवऱ्याच्या तोंडून ती कशी आली असती ते ऐकू येतंय का बघत होत्या. "नाही हो, सांगता येत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा ना. नेमका काय अर्थ होतो त्याचा?"

"दोन्ही होतात," त्रिशला म्हणाली.

"मग आता?"

त्रिशलाने त्या नियमापुढची जागा कोरी सोडली, पण फोन कानाचा काढला नाही. बाईंनीही फोन ठेवला नाही.